गव्हाळ म्हणजे कुठला गहू?

जगातल्या कुठल्याही गोष्टीची सरासरी काढता येते यावर माझ्या मामेसासऱ्यांची जेवढी श्रद्धा आहे, तेवढी अख्ख्या रत्नागिरीत कुणाची देवावरसुद्धा नसेल. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. सबंध नोकरी त्यांनी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवण्यात घालवली, आणि निवृत्तीनंतर विद्यार्थी मिळेनासे झाले म्हणून तेच शास्त्र नातेवाइकांवर वापरायला घेतलं. "देवरुखची गाडी वेळेवर येईल का हो?" असं कुणी स्टँडवर विचारलं तर ते "येईल" म्हणत नाहीत आणि "नाही" असंही म्हणत नाहीत. "उशिरा येण्याचा संभव अधिक, पण अगदीच न येण्याचा फार थोडा," असं सांगून विचारणाऱ्याला आणखी काळजीत टाकतात. लग्नाच्या पंगतीत यजमान हात जोडून "जेवण कसं झालं?" म्हणाले की इतर लोक ढेकर देतात. मामा मात्र क्षणभर डोळे मिटून म्हणतात, "मठ्ठा सरासरीच्या वर, जिलबी सरासरीच्या खाली. एकुणात जमलं." यजमानांचा चेहरा पडतो आणि मामांना त्याचं कारण कळत नाही, कारण त्यांच्या मते त्यांनी कौतुकच केलेलं असतं.

माझी आणि त्यांची पहिली भेट झाली ती माझ्या लग्नाच्या वेळी. मी नुकताच इथल्या एका इंजिनियरिंग कॉलेजात संगणक शिकवायला लागलो होतो. नोकरी नवी, बुद्धी बेताची, उंची तिच्याहून बेताची. पण रंग गोरा. आमच्या आईने माझ्या माहितीपत्रात 'गोरा, घारा' हे दोन शब्द नावाच्याही आधी लिहिले होते आणि मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. मुलगा पाहून यायला म्हणून बायकोच्या माहेरच्यांनी मामांना पाठवलं. मामांनी चहा घेतला, पगाराबद्दल चकार शब्द काढला नाही, चष्मा वर-खाली करून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि घरी जाऊन सांगितलं, "मुलगा सरासरी आहे." माझ्या सासूबाई रडायला लागल्या. मामा गोंधळले. "अगं, रडतेस काय? हुबेहूब सरासरी माणूस कागदावर असतो, प्रत्यक्षात कधी सापडत नाही. हा सापडलाय. घालवू नका!" या शिफारशीवर माझं लग्न झालं. बायको अधूनमधून, विशेषतः मी स्वतःबद्दल काही बरं बोलायला लागलो की, ती शिफारस मला ऐकवते.

मामांचा खरा राग कशावर असेल तर रंगाच्या नावांवर. एकदा आमच्या ज्ञातीच्या वधूवर मंडळाने, निवृत्त गृहस्थ आहेत, वेळ आहे, म्हणून त्यांना मदतीला बोलावलं. आलेली माहिती नीट लावायची एवढंच काम. पण पहिल्याच दिवशी मामांनी एका मुलीच्या वडिलांना गाठलं. "आपण मुलीचा रंग गव्हाळ लिहिलाय. गव्हाळ म्हणजे कुठला गहू?" वडील म्हणाले, "म्हणजे... आपला गहू." "आपला कसा? आपल्याकडे गहू पिकतो का? आपण तांदूळवाले. उकड्या तांदळासारखा म्हणा, पांढऱ्या सुरय तांदळासारखा म्हणा, मी समजू शकेन. बरं, गहूच म्हणायचा तर दाणा की पीठ?" दुसऱ्या एका बाईंना त्यांनी 'निमगोरा' या शब्दातला उरलेला निम्मा भाग कुठला, असं विचारलं. तिसऱ्या दिवशी मंडळाने त्यांचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार केला आणि आपण खूप श्रमलात, आता विश्रांती घ्या, असं सुचवलं. मामांना आजही तो सत्कार कार्याची पावती वाटतो.

अशा माणसासमोर मी आपण होऊन तोंड उघडलं नसतं, तर पुढचं सगळं रामायण घडलं नसतं. झालं असं की आमच्या प्राचार्यांनी कॉलेजात मोठं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. आमच्या विभागाने काय दाखवायचं, याच्या बैठकीत मला डुलकी लागली होती. जाग आली तेव्हा 'चेहरा शोधणारा संगणक' माझ्या नावावर लागलेला होता. फाटकाशी कॅमेरा, शेजारी मोठा पडदा. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या चेहऱ्याभोवती पडद्यावर आपोआप हिरवी चौकट उमटायची, एवढी ती करामत. मी वर्षानुवर्षं ज्या जुन्या पुस्तकातून शिकवत आलो त्यात हे सोपं करून सांगितलेलं होतं. संगणकाला चेहरा म्हणजे काय ते कळत नाही. त्याला फोटो म्हणजे नुसते ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचे तीन आकडे: तांबडा किती, हिरवा किती, निळा किती. तेव्हा माणसाच्या कातडीच्या रंगाचे ठिपके कुठे गोळा झालेत ते आधी हुडकायचं आणि तिथे चौकट काढायची. मी इंटरनेटवरून परदेशी माणसांचे छान छान फोटो उतरवून घेतले, त्यांच्या रंगावरून कातडीचे आकडे ठरवले आणि प्राचार्यांना चाचणीला बोलावलं. संगणकाने प्राचार्यांना सोडलं आणि त्यांच्या मागच्या जांभ्याच्या भिंतीला झकास चौकट घातली. मग आमच्या शिपायाला उभं केलं. त्याला चौकट नाही, त्याच्या हातातल्या आंब्याच्या पेटीला मात्र दोन. फक्त मी समोर गेलो की चौकट अचूक माझ्या तोंडावर यायची. मला यंत्राच्या या आवडीनिवडीचं मनातून थोडं कौतुकही वाटलं, हे लपवत नाही.

त्या रविवारी आम्ही परटवण्याला मामांकडे जेवायला गेलो होतो. आमटी वाढता वाढता मी ही फजिती हसत हसत सांगितली. मामांचा घास हातातच राहिला.

"नमुने कुणाचे घेतलेत?"

"इंटरनेटवरचे."

"म्हणजे गोऱ्यांचे. आणि यंत्र आणून ठेवलंत रत्नागिरीत. जावईबापू, देवगडच्या आंब्याचं वजन करून तुम्ही चिपळूणच्या फणसाचा भाव सांगताय!"

मामींनी "अहो, आधी जेवा," म्हटलं, पण मामा ताटावरून उठले होते.

दुसऱ्या दिवसापासून मामा माझा जुना कॅमेरा गळ्यात अडकवून रत्नागिरीच्या कातडीच्या शोधात बाहेर पडले. त्यांना दोन ढीग हवे होते: एक कातडीच्या ठिपक्यांचा आणि एक कातडी नसलेल्या ठिपक्यांचा. नवा कुठलाही ठिपका आला की तो या ढिगात जास्त आढळतो की त्या ढिगात, एवढं बघायचं आणि निकाल द्यायचा. कातडी नसलेला ढीग सोपा वाटला होता, पण जांभ्याच्या भिंती, सागवानी दारं, भाट्याची वाळू, वाळत घातलेली आंबापोळी, असं जे जे यंत्राला फसवेल ते सगळं मामांना हवं होतं. शेजाऱ्यांच्या कुंपणाच्या भिंतीचे त्यांनी इतक्या बाजूंनी फोटो काढले की शेजाऱ्यांना वाटलं मोजणी आली, आणि त्यांनी रस्त्यात सरकवलेली तुळशीची कुंडी गुपचूप आत घेतली.

माणसांचं काम याहून अवघड निघालं. एसटी स्टँडवर मामांनी जयगडच्या बंदरात कामाला असलेल्या एका गृहस्थांना "जरा गाल इकडे करता का?" असं विचारलं. त्या गृहस्थांना याच वाक्याचा वेगळा अर्थ माहीत होता. प्रकरण पोलीस चौकीपर्यंत गेलं आणि मला फोन आला. मी कॉलेजातून धावतपळत पोचलो तेव्हा वाटेत काय काय बोलायचं याची तयारी केली होती, पण आत जाऊन बघतो तर हवालदार टोपी काढून खुर्चीत बसलेले आणि मामा त्यांच्या कपाळाचा फोटो घेताहेत. टोपीखालचं कपाळ एका रंगाचं, उरलेलं तोंड दुसऱ्या. "जावईबापू, बघा!" मामा ओरडले, "एकाच माणसात दोन माणसं! असा नमुना मिळायला भाग्य लागतं." जयगडचे गृहस्थही तोवर निवळले होते आणि आपली पाळी कधी येते म्हणून शर्टाची कॉलर सारखी करत होते. मी तयार केलेलं भाषण तसंच वाया गेलं.

मिरकरवाड्याला मात्र मामांनी मला बरोबरच नेलं. होड्या नुकत्याच बंदराला लागल्या होत्या, मासळीचा लिलाव जोरात चालला होता, आणि त्या सगळ्या गर्दीत मामा एकेका बाईच्या तोंडाकडे टक लावून पाहत उभे. शेवटी सुगंधाबाई नावाच्या एका दांडग्या बाईंनी टोपली खाली ठेवली.

"काय वो मास्तर, मगाधरनं बगत्ये मी. मावरं घेयाचं नाय, भाव करायचा नाय, नुसती तोंडां काय बगतांव?"

"बाई," मामा अत्यंत गांभीर्याने म्हणाले, "मला तुमचा गाल पाहिजे."

लिलाव थांबला. मी बर्फाच्या पेटीमागे सरकलो आणि तिथून पाण्यात उडी मारली तर राजिवड्याला पोहत जाता येईल का, याचा अंदाज घेऊ लागलो. मला पोहता येत नाही, पण त्या क्षणी ती अडचण किरकोळ वाटली. मामा शांतपणे सांगत होते, की संगणकाला तोंडं ओळखता येत नाहीत, त्याला कुणी फक्त गोरी तोंडं दाखवली आहेत (इथे त्यांनी पेटीमागे बोट दाखवलं), आणि तुम्ही फाटकातून आलात तर त्याला तुम्ही दिसणारच नाही. सुगंधाबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं.

"मी नाय दिसायची?" त्या म्हणाल्या. "मी? ह्या सगळ्या बंदराला मी दिसत्ये!"

मग त्या पोट धरून हसल्या. "फुकट गाल नाय मिळायचा, मास्तर. बांगडे घ्यावे लागतील." त्यांच्या हुकमाने बाया रांगेत उभ्या राहिल्या, त्यांच्यामागे होड्यांवरचे दोघे-तिघे तांडेलही येऊन उभे राहिले, आणि मामांनी एकेकाचा फोटो उन्हात एकदा, सावलीत एकदा असा घेतला. मामांचं घर शाकाहारी. तेव्हा घेतलेले बांगडे त्यांनी सरळ माझ्या हातात दिले आणि संध्याकाळी भाचीला फोनवर सांगितलं, "जावईबापूंना बांगड्यांची चांगली पारख आहे, त्यांनीच निवडून घेतले." मी घराबाहेर मासे खातो ही गोष्ट तोवर आमच्या घरात अधिकृत नव्हती.

त्यानंतर मामांनी बसून एकेका फोटोवरचे ठिपके निवडायला सुरुवात केली. गाल कुठे संपतो आणि दाढी कुठे सुरू होते, ओठ धरायचे की नाही, कुंकू वगळायचं, अशी सगळी बारीक निवडणी. माझ्या संगणकावर बसून ते ठिपके निवडत आणि मी शेजारी बसून, खरं म्हणजे हे काम माझं आहे, असा चेहरा करत असे. एका रविवारी दुपारी त्यांनी मला तातडीने बोलावलं. पडद्यावर सगळ्यांचे ठिपके मांडलेले होते आणि ते इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत विखुरले होते.

"आता बघा हं," मामा म्हणाले. "यात माणसाचा रंग किती आणि त्याच्यावर पडलेला उजेड किती, हे एकत्र झालंय. आपण उजेड भागून काढू. तांबडा, हिरवा, निळा यांचे नुसते आपापसातले हिस्से ठेवू."

त्यांनी कळ दाबली. विखुरलेले ठिपके सरकत सरकत एकमेकांजवळ आले आणि आंब्याच्या कोयीएवढ्या जागेत दाटीवाटीने बसले. हवालदारांचं कपाळ, हवालदारांचे गाल, सुगंधाबाई, तांडेल, आमचे प्राचार्य, शिपाई, सगळे एका ढिगात.

"यात मी कुठे?" मी विचारलं. मला वाटलं होतं मी काठावर, जरा मोकळ्या हवेत असेन.

"हे काय तुम्ही," मामांनी पेन्सिल टेकवली. "आणि हा तुम्हाला अगदी खेटून तो तांडेल."

"पण मी थोडासा तरी बाजूला..."

"आहात. तेवढी चूक कॅमेऱ्याची धरायची."

ज्या भांडवलावर आईने मला लग्नाला उभं केलं, फोटोत मी पुढच्या रांगेत बसत आलो, आणि उन्हात जाताना जन्मभर रुमाल बांधत आलो, ते भांडवल मामांनी भागाकार करून काढून टाकलं होतं. बाकी शून्य. मी पाणी मागितलं.

त्याच दुपारची पुढची गोष्ट. वेगवेगळ्या वयांचे नमुने हवेत म्हणून मामांनी घरातले सगळे जुने फोटो काढून पसरले होते. मुलांच्या मुंजी, सहली, माझ्या बायकोचं डोहाळजेवण. फोटो चाळता चाळता ते थबकले. पुन्हा पहिल्यापासून बघू लागले. मग स्वयंपाकघराच्या दिशेने म्हणाले, "अगं, तू कशी कुठेच नाहीस?"

"कुठे?" मामी आतून म्हणाल्या.

"फोटोत."

"मी काढत होते की फोटो."

"सगळे?"

"सगळे कसे? काही वेळा चहा टाकत होते."

मी हसलो. चुकीच्या वेळी हसण्याची कला मला उपजतच आहे. मामी हात पुसत बाहेर आल्या. मामी केळशीच्या. बुटक्या, चपळ, आणि रंगाने चांगल्या काळ्या. मामांचं घराणं सगळं गोरंघारं. "रंगाने कमी आहे, पण वळणाची आहे," असं म्हणून मामांच्या आईंनी ही सून पसंत केली होती, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मामी खुर्चीत बसल्या आणि कुणा तिसऱ्याच बाईची हकिगत सांगावी तसं सांगू लागल्या. त्यांच्या लग्नात फोटोवाल्याने फोटो धुताना नवरीचं तोंड पांढरं करून दिलं होतं. कुणी तरी तशी सूचना केली असणार. अल्बम आला तेव्हा ही नवरी कोण, हे मामींना क्षणभर स्वतःलाच कळलं नाही. सासूबाई मात्र खूश. आल्यागेल्याला तो अल्बम दाखवायच्या.

"त्या फोटोची त्या दृष्टसुद्धा काढायच्या," मामी म्हणाल्या. "माझी कधी काढली नाही. मग म्हटलं, कशाला परत फोटोत जायचं? ती तिकडे छान आहे, मी इकडे बरी आहे."

एवढं बोलून त्या गॅसवर काही तरी आहे म्हणून उठून गेल्या. पाऊस, एसटी, जिलबी, हवालदाराचं कपाळ, काही म्हणून ज्यांच्या नजरेतून सुटत नाही अशा त्या माणसाला, आपली बायको सबंध संसारात एकाही फोटोत नाही, हे त्या दुपारी पहिल्यांदा दिसलं होतं. थोड्या वेळाने ते कॅमेरा घेऊन आत गेले. "एक काढू दे आता," असं त्यांनी म्हटलेलं ऐकू आलं. "नको. सवय नाही राहिली," मामी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे पुढे काही बोलता येण्यासारखंही नव्हतं.

मला फाटकापर्यंत पोचवायला आले तेव्हा मामा म्हणाले, "नमुन्यात एक माणूस कमी आहे."

"एकाने काय फरक पडतो, मामा?" मी उगाच जाणकारासारखं म्हटलं.

"सरासरीत नाही पडत," ते म्हणाले आणि फाटकाची कडी लावून घेतली.

प्रदर्शनाच्या दिवशी मी पहाटेच उठलो. मोठे पाहुणे येणार, आपल्याला त्यांच्यापुढे उभं राहून बोलायचं, म्हणून नवा शर्ट घातला आणि बायकोच्या कपाटातली पावडर तोंडाला जरा सढळ हाताने लावली. भागाकाराचं दुःख मी अजून पचवलं नव्हतं. फाटकाशी मोठा पडदा लावला होता. मामांच्या आकड्यांनी यंत्र कसं पळत होतं! शिपायाला चौकट, प्राचार्यांना चौकट, मिरकरवाड्याहून रिक्षा करून आलेल्या सुगंधाबाई आणि मंडळींना एकदम ओळीने चौकटी. सुगंधाबाई पडद्यापुढून तीनदा गेल्या आणि दर वेळी "दिसत्ये!" असं जाहीर करत राहिल्या. एका मुलाच्या हातातल्या आंबावडीलाही चौकट आली, पण तेवढं चालायचं. मामा आपले नेहमीचे कपडे घालून यंत्राशेजारी उभे होते, आणि मामी कॅमेऱ्याच्या टप्प्याबाहेर, बरोबर जिथून त्या दिसणार नाहीत अशा जागी. ती जागा त्यांनी न विचारता, नुसत्या सवयीने शोधली होती.

मोठे पाहुणे आले. त्यांना चौकट आली, ते खूश झाले. मी पुढे होऊन सगळं समजावून सांगू लागलो: नमुने, ढीग, संभव, मामांचे शब्द माझ्या तोंडात घालून. पाहुणे ऐकता ऐकता पडद्याकडे बघत होते.

"सर, तुम्हाला नाही आली चौकट," ते म्हणाले.

मी वळून पाहिलं. पडद्यावर माझ्या मानेला चौकट होती, दोन्ही हातांना होती. तोंडाच्या जागी काही नव्हतं. मी डावीकडे सरकलो, उजवीकडे सरकलो, हनुवटी वर केली. यंत्र माझं तोंड हे तोंड आहे असं मानायलाच तयार नव्हतं. प्राचार्य खोकले. आणि मामांचा आवाज, वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचायची सवय असलेला आवाज, सगळ्या आवारात घुमला:

"जावईबापू, पावडर लावलीत काय? जा, तोंड धुऊन या!"

आवारात नळ होता. मी, संगणक विभागाचा ज्येष्ठ प्राध्यापक, मोठ्या पाहुण्यांना थांबवून सगळ्यांच्या देखत त्या नळावर वाकलो आणि खळाखळा तोंड धुतलं. नवा शर्ट भिजला. डोळ्यांत पाणी गेलं. आंधळ्यासारखा चाचपडत कॅमेऱ्यापुढे परत आलो तेव्हा माझ्या तोंडावर चौकट आली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात मला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या. मामी तर इतक्या हसत होत्या की त्यांना आपण कुठे उभ्या आहोत याचं भान राहिलं नाही. "अहो, डोळ्यांत जातंय ते, थांबा," म्हणत त्या पुढे आल्या आणि पदराने माझं तोंड पुसू लागल्या.

पडद्यावर दुसरी चौकट उमटली.

मामींनी वर पाहिलं. भिंतीएवढ्या पडद्यावर त्यांचं तोंड होतं. काळं, घामेजलेलं, हसून हसून डोळे बारीक झालेलं. कुणी काही पांढरं केलं नव्हतं. मला वाटलं त्या चटकन बाजूला होतील. त्या झाल्या नाहीत. ओला पदर हातात तसाच धरून त्या बघत राहिल्या. "अगो बाई," त्या हळूच म्हणाल्या, "मी अगदी आमच्या आईसारखी दिसते की." मामा यंत्रापाशी काय करताहेत म्हणून मी बघितलं, तर ते काहीच करत नव्हते. फक्त कळ दाबून चित्र थांबवून धरलं होतं, आणि मोठे पाहुणे पुढच्या खोलीकडे निघाले, प्राचार्यांनी खुणा केल्या, तरी ते बोट उचलायला तयार नव्हते.

ते चित्र आता मामांच्या बाहेरच्या खोलीत लावलेलं आहे. त्यात मामी सुरेख आल्या आहेत. त्यांच्या शेजारी तोंड उघडं टाकलेला, कानातून पाणी गळणारा जो इसम आहे तो कोण, असं नवखे लोक विचारतात. मामा सांगतात, "आमचे जावई. यंत्रानेच ओळखलं म्हणून, नाही तर अवघडच होतं."

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मामा थकलेत. गेल्या महिन्यात आमच्या विभागात नव्याने आलेल्या मयेकर मॅडमनी मला चेहरे शोधण्याची हल्लीची पद्धत दाखवली. खरं तर हल्लीचीही नाही. मी जुन्या पुस्तकातून शिकवत होतो तेव्हासुद्धा बाहेरच्या जगात ती रूढ होती, फक्त मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. त्यात रंगाचा उपयोगच करत नाहीत. फोटो काळापांढरा असला तरी चालतो. ही गोष्ट मामांना कशी सांगायची, या विचारात मी दोन रविवार तिकडे गेलोच नाही. तिसऱ्या रविवारी गेलो, आणि त्यांच्यापुढे संगणक ठेवून एक काळापांढरा फोटो लावला. सगळ्या तोंडांवर चौकटी आल्या.

मामांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "म्हणजे रंग लागतच नाही?"

"नाही, मामा. डोळे कुठे, नाकाची सावली कशी पडते, त्यावरून कळतं."

मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. उन्हातान्हात घालवलेले ते सगळे दिवस, एकेक निवडलेला ठिपका. पण त्यांनी विचारलं ते भलतंच: "शिकवताना तोंडं कुणाकुणाची दाखवतात याला?"

मला ते माहीत नव्हतं. मी तसं सांगितलं.

"ते विचारा त्या मॅडमना. तिथेच घोळ असतो," ते म्हणाले आणि पुन्हा पडद्याकडे बघत राहिले. दुपार कलली होती. मामी आत कपबश्या लावत होत्या, त्यांचा किणकिणाट तेवढा ऐकू येत होता. मामा पुढे बोलले, पण माझ्याशी बोलले की स्वतःशी, ते मला नीटसं कळलं नाही.

"रंग लागत नाही. आई असती तर तिला दाखवलं असतं."

"काय दाखवलं असतं?" मामींनी आतून विचारलं.

"काही नाही गं," मामा म्हणाले. मग खुर्चीच्या हातांवर जोर देऊन, गुडघा चोळत उठले आणि सावकाश आत गेले. "तू बस जरा. चहा आज मी टाकतो."

"तुम्हाला येतो का?" मामींचा आवाज आला. त्याला मामांनी काय उत्तर दिलं ते मला ऐकू आलं नाही. पण मामी हसल्या, आणि चहा काही लवकर बाहेर आला नाही. मीही मागितला नाही.